शोकातून धम्माकडे : थेरी पटाचारा



घरातले माणूस गेले की पहिले तीन-चार दिवस दाराशी माणसांची रीघ असते. घरात चूल पेटलेली नसते म्हणून शेजारची बाई पिठले-भाकरी आणून ठेवते. पाहुणे येतात, रडतात आणि आपापल्या गावी निघून जातात. मग एक दिवस असा उजाडतो की दाराशी कोणीच नसते. खुंटीवर गेलेल्याचा सदरा तेवढा लटकत असतो. खरे दुःख त्या दिवशी सुरू होते.

अशा वेळी आपल्या कानावर दोन प्रकारचे बोल येतात. एक बोल असा, की हे तुमच्या मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे. तरुण सून विधवा झाली तर तिचा पायगुण वाईट ठरतो. लेकरू गेले तर आईच्या माथी दोष येतो. दुसरा बोल असा, की दहावा घाला, पिंडाला कावळा शिवला पाहिजे, नाहीतर गेलेल्याचा जीव घुटमळत राहील. दुःखाने खचलेल्या माणसाला आणखी खचवण्याचा आणि त्याच्या खिशात हात घालण्याचा हा धंदा या देशात शेकडो वर्षे चालत आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या सहाव्या प्रतिज्ञेने आपण श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडले. पण आपल्याच वस्तीतली म्हातारी माणसे कधीकधी हळू आवाजात एक प्रश्न विचारतात. ते सोडले ते बरे केले, पण त्याच्या जागी आम्हांला काय मिळाले? ज्या आईचे लेकरू गेले तिला धम्म काय देतो?

हा प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणाऱ्यावर आपण रागावू नये. त्याचे उत्तर भाषणाने देण्यापेक्षा एका स्त्रीचे चरित्र तुमच्यापुढे ठेवणे मला अधिक योग्य वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या स्त्रीने दोन दिवसांच्या आत नवरा, दोन मुले, आई, बाप आणि भाऊ गमावले. तिचे नाव पटाचारा. तिच्या गाथा थेरीगाथेत आहेत आणि तिच्या आयुष्याची हकिगत पाली अट्ठकथांनी जपून ठेवली आहे.

श्रेष्ठीची लेक, चाकराची बायको

पटाचारा श्रावस्तीच्या एका धनाढ्य श्रेष्ठीची मुलगी. श्रावस्ती ही कोसल देशाची राजधानी. आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत या नावाने तिचे अवशेष पाहावयास मिळतात. भगवान बुद्धांनी या नगरीत परंपरेनुसार पंचवीस वर्षावास काढले. अनाथपिंडिकाने संघाला दिलेला जेतवन विहार याच नगरीच्या वेशीबाहेर होता.

पटाचारा वयात आली तेव्हा आईबापांनी तिला वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पहाऱ्यात ठेवले. पण पहारे माणसाच्या मनावर चालत नाहीत. घरातल्याच एका तरुण चाकरावर तिचे प्रेम बसले. आईबापांनी बरोबरीच्या घराण्यात तिचे लग्न ठरवले. दिवस जवळ आला तेव्हा तिने दासीचा वेष घेतला, केस विस्कटले, डोक्यावर पाण्याचे मडके घेतले आणि पहाटे दासींच्या घोळक्यातून ती घराबाहेर पडली. दोघे दूरच्या एका खेड्यात जाऊन राहिली.

वाचकहो, ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल. श्रीमंताची मुलगी आणि राबणारा मुलगा यांच्यामध्ये जी भिंत त्या काळी उभी होती ती आजही पुरती पडलेली नाही. आजही आपल्या महाराष्ट्रात जातीबाहेर लग्न केलेल्या मुलामुलींचे जीव घेतले जातात. पटाचाराच्या नवऱ्याच्या मनातही हीच भीती होती. तो शेत कसायचा, रानातून लाकूडफाटा आणायचा. ज्या हातांनी कधी तांब्या उचलला नव्हता त्या हातांनी ती पाणी भरू लागली, धान्य कांडू लागली, स्वयंपाक करू लागली. संसार गरिबीचा होता, पण तो तिने स्वतः निवडलेला होता.

पहिल्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा तिला माहेरची ओढ लागली. लेकीचे बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत त्या काळीही होती. नवऱ्याला सासऱ्याची भीती. तो आज जाऊ, उद्या जाऊ म्हणून दिवस ढकलत राहिला. शेवटी तो घरी नसताना ती एकटीच निघाली. नवऱ्याने मागून येऊन तिला गाठले, पण वाटेतच ती बाळंत झाली. ज्या कारणासाठी माहेरी जायचे ते वाटेतच उरकले, म्हणून दोघे मुलाला घेऊन परत फिरली.

दुसऱ्या खेपेलाही तसेच घडले. या वेळी मोठा मुलगा बरोबर होता. वाटेत कळा सुरू झाल्या आणि त्याच वेळी अवेळी वादळी पाऊस कोसळू लागला. विजा कडाडत होत्या. कुठे आडोसा कर, असे तिने नवऱ्याला सांगितले. तो कुऱ्हाड घेऊन खोप करण्यासाठी झुडपे तोडायला गेला. एका वारुळाजवळ त्याला साप चावला आणि तो जागीच मेला.

एक रात्र आणि एक दिवस

इकडे ती वाट पाहत राहिली. त्याच पावसात ती बाळंत झाली. दोन्ही मुले वाऱ्यापावसाने आकांत करू लागली. तेव्हा गुडघे आणि हात जमिनीवर टेकून, आपल्या देहाचेच छप्पर करून, दोन्ही लेकरांना पोटाखाली घेऊन तिने ती रात्र काढली. उजाडल्यावर एका मुलाला कडेवर आणि दुसऱ्याला बोटाशी धरून ती नवरा गेला त्या दिशेने गेली. वारुळाशी त्याचे प्रेत पडलेले होते. माझ्यामुळे हा मेला, असे म्हणून ती रडली. ज्यांनी घरातला मृत्यू पाहिला आहे त्यांना हे नवे नाही. मी तेव्हा त्याला पाठवले नसते तर, मी वेळेवर दवाखान्यात नेले असते तर, हा 'तर' माणसाला आतून पोखरतो. तो त्या आईलाही सुटला नाही.

आता माहेराशिवाय तिला ठिकाण नव्हते. वाटेत अचिरवती नदी होती. हिलाच आज राप्ती म्हणतात. रात्रभराच्या पावसाने नदी फुगली होती. ओली बाळंतीण, रात्रभर उपाशी, दोन्ही मुलांना एकदम नेण्याचे बळ तिच्या अंगी नव्हते. तिने मोठ्याला अलीकडच्या काठावर उभे केले आणि तान्ह्याला पलीकडे नेले. पाला पसरून त्यावर त्याला निजवले आणि ती मोठ्यासाठी परत पाण्यात शिरली. तिचा जीव दोन्हीकडे ओढत होता. पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत ती नदीच्या मध्यावर आली. तोच एका ससाण्याने तान्ह्या पोराला मांसाचा गोळा समजून झडप घातली. तिने दोन्ही हात वर करून मोठ्याने हाकारले. पक्षी काही भ्याला नाही. पण अलीकडच्या काठावरच्या मुलाला वाटले, आई आपल्याला बोलावते आहे. तो धावत पाण्यात उतरला आणि पुराने त्याला ओढून नेले.

ती तशीच चालत राहिली. वाटेत श्रावस्तीकडून येणारा एक माणूस भेटला. तिने आपल्या माहेरची खुशाली विचारली. तो म्हणाला की दुसऱ्या कोणाचीही विचारा, त्या घराची विचारू नका. तिने आग्रह धरला तेव्हा त्याने सांगितले, की रात्रीच्या वादळात ते घर कोसळले, श्रेष्ठी, त्याची पत्नी आणि मुलगा तिघेही त्याखाली गाडले गेले, आणि तो जो धूर दिसतो आहे तो त्या तिघांना एका चितेवर दिलेल्या अग्नीचा आहे.

हे ऐकले आणि तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले ते तिला कळले नाही. ती विलाप करीत रस्त्यांतून भटकू लागली. लोकांनी काय केले? ही वेडी आली, असे म्हणून त्यांनी तिच्यावर केरकचरा टाकला, मातीची ढेकळे मारली. पटाचारा हे नावही अट्ठकथेने तिच्या या वस्त्रहीन अवस्थेवरून लावून दाखवले आहे. सहा माणसे गमावलेल्या बाईला समाजाने दिले ते एवढेच, दगडमाती आणि कुचेष्टेचे नाव.

जेतवनात काय घडले

भटकत भटकत ती जेतवनाशी आली. त्या वेळी भगवान बुद्ध धम्मोपदेश करीत बसले होते. तिला पाहून लोक पुढे झाले आणि तिला अडवू लागले. भगवंतांनी लोकांना बाजूला होण्यास सांगितले आणि तिला येऊ दिले. ती जवळ आली तेव्हा त्यांनी तिला भगिनी म्हणून संबोधले आणि भानावर येण्यास सांगितले.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. त्यांनी तिला कोणते पाप केलेस असे विचारले नाही. आईबापांच्या मर्जीविरुद्ध चाकराचा हात धरलास म्हणून हे भोगते आहेस, असे ते म्हणाले नाहीत. कुलशीलाची चौकशी केली नाही. कोणताही विधी सांगितला नाही. पहिले काम त्यांनी हे केले की जगाने जिला वेडी ठरवले होते तिला पुन्हा माणूस म्हणून हाक मारली. ती भानावर आली. आपल्या अंगावर वस्त्र नाही हे ध्यानात येताच लाजेने ती खाली बसली. सभेतल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. ते पांघरून ती पुढे आली आणि तिने आपले सारे दुःख सांगून आधार मागितला.

भगवंतांनी तिला मेलेली माणसे परत आणून देण्याचे वचन दिले नाही. स्वर्गात भेट होईल असेही सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते सत्य होते. माणसांनी आप्तांच्या वियोगात जे अश्रू आजवर ढाळले ते चार महासागरांच्या पाण्याहून अधिक भरतील. मृत्यूपुढे पुत्र, पिता, नातलग कोणीही आडोसा होऊ शकत नाहीत. म्हणून शहाण्या माणसाने शील सांभाळावे आणि दुःखमुक्तीचा मार्ग आपणच चालावा.

काही वाचकांना हे उत्तर कठोर वाटेल. मलाही पहिल्यांदा वाचताना तसे वाटले होते. पण नीट पाहा. आजवर ती बाई जगात एकटी होती. आपल्यावरच हे का कोसळले, हा तिचा आक्रोश होता. तिचा अश्रू हा एकटीचा अश्रू नाही, साऱ्या मनुष्यजातीच्या अश्रूंतला तो एक आहे, हे त्या दिवशी तिला प्रथमच कळले. दोषी नाही, शापित नाही, पांढऱ्या पायाची नाही, इतर सर्व मर्त्य माणसांसारखीच एक आहे, हे समजणे हाच तिला मिळालेला पहिला आधार होता.

पाण्याने शिकवले

तिने प्रव्रज्या मागितली. भगवंतांनी तिला भिक्खुनी संघात पाठवले. आता तिच्या अंगावर चीवर होते, राहायला विहार होता आणि भोवती भगिनी होत्या. पण चीवर घेताच दुःख संपले असे झाले नाही. थेरीगाथेत तिने स्वतःच आपली अस्वस्थता सांगितली आहे. शेतकरी जमीन नांगरतात, बी पेरतात आणि त्याचे फळ मिळवून बायकामुले पोसतात. मग मी शीलवान असून, आळस करीत नसून, मला मुक्ती का लाभत नाही, असा तिला प्रश्न पडला होता. म्हणजे धम्मातही वेळ लागतो. श्रम लागतात. ज्यांना वाटते की दोनदा वंदना म्हटली की मन शांत झालेच पाहिजे, त्यांनी पटाचारेचा हा प्रश्न लक्षात ठेवावा.

एके दिवशी ती पाय धूत होती. पायांवर ओतलेले पाणी थोडे अंतर वाहून जमिनीत जिरले. पुन्हा ओतले, ते जरा पुढे जाऊन जिरले. तिसऱ्यांदा ओतलेले त्याहून पुढे गेले. तिच्या मनात विचार आला, की माणसेही अशीच आहेत. कोणी बालपणी जातो, कोणी भर तारुण्यात, कोणी म्हातारा होऊन. कोणाचे पाणी लवकर जिरते, कोणाचे उशिरा, पण जिरल्यावाचून राहत नाही. ज्या पाण्याने तिचा मुलगा नेला त्याच पाण्याकडे आता ती न घाबरता पाहू शकली. त्या रात्री ती कोठडीत गेली, बिछाना पाहिला, मंचकावर बसली आणि सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला त्या क्षणी तिचे चित्त मुक्त झाले, असे तिची गाथा सांगते.

यात चमत्कार काही नाही. रोजचे पाय धुणे आहे आणि रोजचा दिवा मालवणे आहे. धम्माचे शिक्षण असेच रोजच्या कामात होते.

पटाचारेचे कार्य

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तोच फारसा सांगितला जात नाही. पटाचारेची गोष्ट सांगणारे बहुधा नदीपाशी रडवतात आणि जेतवनापाशी थांबतात. पण थेरी पटाचारा यांचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले.

अंगुत्तर निकायात भगवंतांनी आपल्या प्रमुख शिष्यांची गुणांनुसार नावे घेतली आहेत. विनय जाणणाऱ्या भिक्खूंमध्ये त्यांनी उपालीला अग्रस्थान दिले आणि विनय जाणणाऱ्या भिक्खुनींमध्ये पटाचारेला. उपाली हा शाक्यांचा न्हावी होता आणि पटाचारा एका चाकराची विधवा. संघाचे नियम सांगण्याचा सर्वोच्च अधिकार भगवंतांनी कोणाच्या हाती दिला हे पाहा. जी बाई एकेकाळी अंगावरचे वस्त्र सांभाळण्याच्या भानावर नव्हती, ती पुढे साऱ्या संघाच्या शिस्तीची जाणकार झाली.

थेरीगाथेत तीस भिक्खुनींच्या गाथा आहेत. त्यांना थेरी पटाचारा यांनी उपदेश केला होता. त्या एका रात्रीत कशा ज्ञानी झाल्या हे त्या कृतज्ञतेने सांगतात. चंदा नावाच्या थेरीच्या गाथा वाचताना तर डोळे भरून येतात. चंदा विधवा होती, निपुत्रिक होती, तिला ना नातलग होते ना मित्र. हातात भिक्षापात्र आणि काठी घेऊन, थंडीउन्हात पोळत, ती सात वर्षे दारोदार भटकली. थेरी पटाचारा यांनी करुणेने तिला प्रव्रज्या दिली, शिकवले आणि मार्गाला लावले. भटकणाऱ्या निराधार बाईला पाहून त्यांना आपले पूर्वीचे दिवस आठवले नसतील काय?

आणखी एका गाथेत पाचशे स्त्रियांचा उल्लेख आहे. पाचशे हा आकडा पाली ग्रंथांत पुष्कळ या अर्थाने येतो. या साऱ्या मुले गेलेल्या आया होत्या. थेरी पटाचारा यांनी त्यांना समजावले, की जो कोठून आला ती वाट तुम्हाला माहीत नव्हती आणि जो कोठे गेला तीही माहीत नाही. तो न बोलावता आला आणि न विचारता गेला. त्याच्यासाठी असा जीव जाळू नका. हेच शब्द एखाद्या कोरड्या पंडिताने सांगितले असते तर त्या आयांनी ऐकले असते का? ज्या बाईने आपली दोन लेकरे एका नदीवर गमावली तिने ते सांगितले म्हणून ते काळजात उतरले. त्या स्त्रिया पुढे म्हणतात, की हृदयात रुतलेला बाण थेरीने उपटून काढला.

आपल्यासाठी याचा अर्थ

धम्म रडू नका असे सांगत नाही. कुसिनारा येथे भगवंतांचे महापरिनिर्वाण जवळ आले तेव्हा आनंद एका बाजूला जाऊन रडत होता. भगवंतांनी त्याला झिडकारले नाही. त्याला जवळ बोलावून समजावले आणि त्याच्या सेवेचे कौतुक केले.

बोधिसत्त्व बाबासाहेबांना पुत्रशोक काय असतो हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी भगवंतांच्या करुणेचे वर्णन करताना विशाखेचे आणि किसा गोतमीचे सांत्वन मुद्दाम घेतले आहे. एकीची नात गेली होती, दुसरीचे बाळ. ज्या लेखणीने राज्यघटनेचा मसुदा लिहिला तिनेच शोकग्रस्त आईसाठीही पाने राखून ठेवली.

माझे वडील वारले तेव्हा मला नोकरी लागून दोनच वर्षे झाली होती. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी दहाव्याचा आग्रह धरला. पदवी हातात होती, बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या, त्यामुळे मी वाद घालून त्यांना गप्प केले. पण घरात कोपऱ्यात बसलेल्या आईला काय सांगावे हे मला कळत नव्हते. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती. गल्लीतली एक आजी रोज दिवेलागणीला येऊन तिच्याजवळ बसू लागली. आजीचे दोन मुलगे ऐन तारुण्यात गेले होते. ती फारसे बोलायची नाही. चहा करायची, आईला घोटभर पाजायची आणि तथागतांच्या व बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे बसून त्रिशरण पंचशील म्हणायची. सहाव्या की सातव्या दिवशी आईचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. आज कोणाच्या घरी असा प्रसंग आला की माझी आई तिथे जाऊन बसते. थेरी पटाचारा यांचे नाव त्या आजीने ऐकले होते की नाही कोण जाणे, पण काम मात्र ती त्यांचेच करीत होती.

म्हणून वाचकहो, पिंडदानाच्या जागी काय मिळाले असे कोणी विचारले तर त्यांना हे सांगा. आपल्याला दोषातून सुटका मिळाली. मृत्यूकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याचे शिक्षण मिळाले. आणि आपला संघ मिळाला. पण यातली तिसरी गोष्ट आपोआप मिळत नाही. ती आपण एकमेकांना द्यावी लागते. अंत्ययात्रेला गेलो आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोन शब्द बोललो म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नका. माणसांची रीघ आटल्यावर त्या घरी जा. महिनाभर, दोन महिने जा. त्यांच्याबरोबर वंदना म्हणा. विधवा भगिनीला हळदीकुंकवाच्या जुन्या मापाने मोजू नका. तिला मंगल परिणयात पुढे बसवा. पुण्यानुमोदनासाठी कर्ज काढून गावजेवण घालू नका. गेलेल्याच्या नावाने गरीब मुलांना वह्या-पुस्तके द्या.

आणि ज्यांच्या घरात आज तो रिकामा दिवस उजाडला आहे, त्या माझ्या भगिनींना आणि बांधवांना मी एवढेच म्हणेन. रडा, पण एकटे बसून रडू नका. विहारात या. आज तुम्हाला कोणीतरी आधार देईल. उद्या दुसऱ्या कोणाला तुमच्या आधाराची गरज लागणार आहे, आणि ज्याने सोसले आहे तोच तो देऊ शकतो. थेरी पटाचारा यांनी आपल्याला हेच शिकवले.

जय भीम! नमो बुद्धाय!